आयात पान एक, निर्यात पान दोन

प्रेम आंधळं असतं, असं थोर लोक सांगून गेलेत. थोर लोकांच्या घरी सकाळचं वर्तमानपत्र येत नसावं. नाहीतर आंधळेपणाचा मान त्यांनी इतक्या घाईनं प्रेमाला दिला नसता.

त्या बुधवारी गणिताच्या बाई सार्वजनिक वाचनालयात शिरल्या त्या फणफणतच. शाळेतली पोरं त्यांना पाठीमागे 'दशांशबाई' म्हणत, कारण दशांशचिन्ह एक घर घसरलं की बाई सगळे गुण कापत. आणि इथे तर अख्खा देश घसरला होता! 'शेजाऱ्यांच्या विजेवर जगणारा देश. आपली वीजकेंद्रं निव्वळ शोभेची', असा चार बोटं उंच मथळा गेल्या आठवड्यात छापून आला होता. बाईंचे बाबा एकतीस वर्षं धरणाखालच्या वीजकेंद्रात राबलेले. बातमी आल्यापासून समोरच्या बिऱ्हाडातले पोस्टमास्तर जिन्यात गाठून विचारत, "काय, शोभा ठीक ना?" बाबांनी संध्याकाळचं फिरणंच सोडलं. खिडकीशी बसून राहत.

ऊर्जा खात्याचा वार्षिक तक्ता संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येतो. फुकट असल्यामुळेच तो कुणी बघत नाही. बाई त्याची प्रत काढायला प्रिंटरपाशी गेल्या, तर तिथे एक उंच तरुण आधीच उभा. यंत्रातून कागद आला, त्यानं उचलला आणि चालू लागला. मागून दुसरा कागद आला.

"अहो, तुमचं दुसरं पान!"

"असू दे. मला पहिलं पुरतं."

तो हसला. उजव्या गालाला खळी पडली... बाईंनी खळीची नोंद घेतली, मग कागद पाहिला. ज्यासाठी आल्या होत्या तोच तक्ता! रुंद होता, म्हणून प्रिंटरनं त्याचे दोन तुकडे केले होते. बाहेरून घेतलेली वीज पहिल्या पानावर, बाहेर दिलेली दुसऱ्यावर.

"ती शोभेची बातमी... तुमची?"

"वाचलीत?" बातमीदार खुलला.

"पाठ आहे. तेव्हाही एकच पान नेलं होतंत?"

"दुसऱ्यावर तळटीपा असतात हो नुसत्या. कागद वाचवतो मी."

"कागद वाचवता? आणि माझ्या बाबांची अब्रू? एकतीस वर्षं वीजकेंद्रात राबले, आता समोरचे पोस्टमास्तर त्यांना जिन्यात 'शोभा ठीक ना' विचारतात!" बाईंनी पान त्याच्या छातीवर टेकवलं. "वाचा. मोठ्यानं!"

"घेतली नऊशे कोटी युनिट... दिली – तेराशे?" त्याचा आवाज उतरला, कान लाल झाले. "म्हणजे आपण देणारे?"

"देणारेच! कधीच कुणापुढे हात पसरला नाही आपण. छापा असं. तुमच्या नावानं!"

"नाही छापणार."

"काय म्हणालात?"

"'कधीच' नाही छापणार." त्याचं बोट कागदावर बाईंच्या बोटाशेजारी येऊन थांबलं. "हे तीन कोरडे महिने बघा. घेतली जास्त, दिली कमी. वर्षाची बेरीज तुमची बरोबर, पण 'कधीच'..."

अकरा वर्षांच्या मास्तरकीत बाईंची चूक कुणी काढली नव्हती. आधी राग आला. मग नजर पुन्हा खळीच्या जागेकडे गेली. बोट मात्र दोघांनीही हलवलं नाही.

"सगळ्यांनाच असं फैलावर घेता?"

"चुकणाऱ्यांनाच."

"मग अधूनमधून चुकत जाईन म्हणतो..."

"चुकून तर बघा!" बाईंनी दुसऱ्या पानामागे आपला पत्ता लिहून त्याच्या हाती दिला आणि त्याचा नंबर घेतला.

शनिवारी खुलासा आला. नवव्या पानावर, निविदांच्या खाली, चार ओळी. पहिल्या पानावर छापला तर लोक वाचतील, असं संपादकांचं म्हणणं पडलं. बाईंनी तडक बातमीदाराला फोन लावला.

"खोटं चार बोटं उंच, आणि खरं मुंगीच्या अक्षरात? लाज नाही वाटत?"

"वाटते. म्हणून तर तुमच्या दाराबाहेर उभा आहे. उघडता?"

आत येऊन तो सरळ खिडकीपाशी गेला आणि बाबांपुढे दोन्ही पानं धरली. "काका, चूक माझी. अर्धाच तक्ता वाचला मी. समोरच्या पोस्टमास्तरांनाही आत्ता दोन्ही पानं वाचून दाखवली. ते ऐकेनात, म्हणून दोनदा."

बाबांनी चष्मा चढवला. बोट ओळीओळीवरून फिरलं.

"तीन महिने घेतली, तेही लिहिलंत?"

"लिहिलं."

"बरं केलंत. धरण तळाला गेलं की घ्यावीच लागायची. त्यात लाज कसली?" आणि कित्येक दिवसांनी बाबा हसले. उठून चपला शोधू लागले.

"काका, अजून एक..." बातमीदार अडखळला. "तुमची मुलगी मला... म्हणजे मी तिला..."

"वाक्य पूर्ण करा," बाई म्हणाल्या. आता त्यांचेही कान लाल.

"आवडता तुम्ही मला. फार."

"हं... विधान तपासून घ्यावं लागेल."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही. रोज यावं लागेल तुम्हाला."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाबा दारात पोचले होते.

"मी जरा फिरून येतो," ते म्हणाले. "तोवर तुमचं काय ते ठरवा. आणि तेवढा तो पंखा बंद करा. कुणी नाहीये त्याच्याखाली."