रविवारपर्यंत एक फोटो

बुरुल बालिक्ची या तळ्याकाठच्या गावातल्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. लोकांना "श्वास धरा, हलू नका" म्हणायचं आणि मग त्यांची हाडं उजेडासमोर धरून बघायची. हे काम तिला आवडायचं, कारण त्यात कुणाच्या मताला जागा नव्हती. हाड मोडलेलं असतं, नाहीतर नसतं.

फोटोंचा नाद तिला उशिरा लागला. नवरा कालिस बिश्केकच्या रस्त्यावर मिनीबस चालवायचा. एका प्रवाशाकडून त्याने जुना कॅमेरा घासाघीस करून आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "घे. लोकांचं आतलं बघून झालं असेल, तर आता जरा बाहेरून बघ," तो म्हणाला. मग कधीतरी तिला फोनवर तो गट सापडला. शुक्रवारी दुपारी एक विषय यायचा आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्या विषयावर एक फोटो टाकायचा. बक्षीस नाही, परीक्षक नाही. ओशपासून करागांदापर्यंतचे हौशी लोक त्यात होते. विषय कोण देतं हे कुणी विचारत नसे. एक शब्द यायचा आणि सगळे कामाला लागायचे.

पहिला विषय 'वारा' होता, दुसरा 'गंज'. बालिक्चीत या दोन्हींना तोटा नाही. घाटातून सुटणारा उलान वारा दारं उखडून नेतो, आणि बंद पडलेल्या बंदरातल्या क्रेन तळ्याकडे तोंड करून कित्येक वर्षं गंजत उभ्या आहेत. बुरुलचे दोन्ही फोटो लोकांना आवडले. कालिस ते फोटो बसमधल्या प्रवाशांना दाखवत सुटला.

तिसऱ्या शुक्रवारी 'हात' हा विषय आला.

हमरस्त्यावर धुरी दिलेले मासे विकणारी तुर्सुन आपा त्यांच्या गल्लीतच राहायची. बुरुलच्या लग्नात तिनेच कणीक मळली होती. तिचे हात तेलाने आणि धुराने तांबडे झालेले होते, आणि दोरीत मासे ओवताना ते तिने न बघताच चालायचे. "काढ बाई काढ," आपा म्हणाली. "तोंडाचा नको काढू फक्त, गिऱ्हाईक पळेल." दोघी हसल्या. रविवारी फोटो गेला.

सोमवारी बुरुल मासे घ्यायला थांबली, तर आपाने टोपलीवर फडकं ओढलं.

"तुला नाही मिळायचे."

"संपले का?"

"दिसतायत ना संपले नाहीत ते? तुला नाही देणार म्हणतेय."

"आपा, काय झालं? कुणी काही बोललं का?"

"कुणी कशाला बोलायला हवं? मला डोळे नाहीत?" आपा उठून उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "चालती हो इथून. आणि माझ्या दारावरून येत-जात जाऊ नकोस."

म्हातारीचं डोकं फिरलं असेल, नाहीतर रक्तदाब वाढला असेल, असं बुरुलने ठरवलं. त्या आठवड्यात दोनदा तिच्या उंबऱ्यावर माशांची आतडी पडलेली सापडली.

पुढचा विषय 'वाट पाहणं' होता. दवाखान्यातली नर्स मेरिम तिची जिवाभावाची मैत्रीण. बसथांब्यावर ती डोक्याचा रुमाल दातात धरून, वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. बुरुलने फोटो काढला. "मी सुंदर आलेय का?" मेरिमने विचारलं. "बस सुंदर येईल, तू जरा बाजूला हो," बुरुल म्हणाली.

सोमवारी मेरिमने आपला चहाचा कप उचलला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. दुपारपर्यंत तिने पाळी बदलून मागितली होती. बुरुलने तिला व्हरांड्यात गाठलं.

"मेरिम, माझं काही चुकलं का?"

मेरिमने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चुकलं?" ती म्हणाली. "तू आहेस ना, तेवढं पुरे." आणि पेशंटची चादर हातात होती ती झटकून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बुरुलच्या दवाखान्यातल्या कपाटात ठेवलेल्या चपलांत काचेचा चुरा निघाला.

कालिसला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. तुर्सुन आपाच्या दारात जाऊन तो जोरजोरात भांडून आला. आपाने त्याला आत बोलावून खायला घातलं. "तुझ्याशी माझं काही वाकडं नाही, लेकरा," ती म्हणाली. "तुझी बायको आमच्यात राहण्याच्या लायकीची नाही, एवढंच."

दोन फोटो आणि दोन माणसं. बुरुलला स्वतःच्या विचाराची लाज वाटली, पण दवाखान्यात शंका आली की दुसरी फिल्म काढतात. 'राखण' हा विषय आला तेव्हा तिने मुद्दाम कॅमेरा न घेता फोनवर आपल्या अक्तोश कुत्र्याचा फोटो काढला. पिलू असल्यापासून तो तिच्या पायात झोपायचा. त्या दिवशी काही झालं नाही. शनिवारी त्याने तिच्या हातातून हाड खाल्लं. रविवारी सकाळी तिच्यामागे तळ्यापर्यंत आला. संध्याकाळी तिने फोटो गटात टाकला.

सकाळी ती पाणी घेऊन अंगणात गेली. अक्तोश भुंकला नाही. कान पाडून, पोट जमिनीला घासत तो तिच्याकडे सरकत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

कालिसने फावड्याच्या दांड्याने त्याचा जबडा सोडवला. कालिसच्या अंगाला मात्र अक्तोश शेपूट हलवत घासत होता. बुरुलने गटातून तो फोटो पुसून टाकला, आपले सगळेच पुसून टाकले, पण कुत्रा बदलला नाही. शेवटी कालिसच्या भावाने त्याला आपल्या घरी कोचकोरला नेलं.

हाताला पट्टी बांधून बसली असताना ती गटातले इतरांचे जुने फोटो मागे मागे बघत गेली. एक गोष्ट तिला तेव्हाच दिसायला हवी होती. नवीन माणूस यायचा तेव्हा त्याच्या फोटोंत माणसं असायची. आजी, पोरं, मित्र, शेजारी. चार-सहा आठवड्यांनी ती गायब व्हायची. जुन्या लोकांच्या फोटोंत फक्त कुंपणं, चमचे, भिंतीतले खिळे, धोंडे. विषय 'प्रेम' असला तरी धोंडा.

त्यांतला करागांदाचा एव्हाल्ड नावाचा म्हातारा खाणकामगार तिच्या फोटोंखाली नेहमी लिहायचा. तिने त्याला खाजगीत विचारलं, 'तुम्ही माणसांचे फोटो का काढत नाही?'

उत्तर आलं. 'धोंड्यांचं बरं असतं. त्यांचं आपल्याबद्दल काही मत नसतं.'

थोड्या वेळाने आणखी एक ओळ आली. 'घरात कोण आहे तुझ्या?'

'नवरा.'

'त्याचा काढलास?'

'नाही.'

'मी काढला होता. बायकोचा,' त्याने लिहिलं.

बुरुल त्याच दिवशी गटातून बाहेर पडली. कॅमेरा तिने गाद्यांच्या ढिगाखाली ठेवून दिला.

कालिसला यातलं काय सांगायचं? तिने सांगून पाहिलं. त्याने ऐकून घेतलं, तिच्या कपाळावर हात ठेवून ताप पाहिला आणि म्हणाला, "अगं, माणसं हलकट असतात. त्याला फोटो कशाला लागतो?" तिला वाईट वाटतंय, लोकांनी तिला वाळीत टाकलंय, एवढंच त्याला कळत होतं. तिला हसवायला तो वाटेल ते करायचा.

"सगळ्या गावाचे फोटो काढलेस, राणीसरकार. म्हातारीचे, कुत्र्याचेसुद्धा. नवऱ्याचा एक नाही. मी काय कुत्र्याहून वाईट दिसतो?"

"तुझा नाही काढणार."

"का? कॅमेरा फुटेल?"

"कालिस, पुन्हा विषय काढू नकोस."

ती ओरडलीच. मग त्याने उगीच तिचा पट्टीचा हात हातात घेतला आणि धरून ठेवला.

तो हिवाळा वाईट गेला. नानवाल्याकडे ती जाई तेव्हा रांग तिच्यापासून सरकून उभी राही. मेरिमने दवाखान्यात काय सांगितलं कोण जाणे, पेशंट दुसऱ्या पाळीत येऊ लागले. घरी मात्र कालिस होता. तो रस्त्यावरच्या गमती सांगायचा, रटाळ गाणी म्हणायचा, कणकेचे तळलेले बोरसोक परातीतून पळवायचा. संध्याकाळी त्याच्या बसचा भोंगा कोपऱ्यावर वाजला की तिच्या छातीतला दगड खाली बसायचा. एवढं एक माणूस आहे, ती स्वतःला सांगायची. एक पुरे.

वसंतातल्या एका रविवारी संध्याकाळी जेवणं झाली आणि कालिस उगाचच खाकरला.

"रागावू नकोस हं."

"काय केलंस?"

"तुझ्या त्या गटात मी शिरलोय." तो पोरासारखा हसत होता. "तू सोडलास म्हणून काय झालं? एवढा चांगला हात तुझा. म्हटलं, आपण टाकू एक, लोक वाहवा करतील, मग हिला पुन्हा हुरूप येईल. या वेळी विषयही नामी आला बघ. 'जवळचं माणूस'."

बुरुलच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"कुणाचा टाकलास?"

"आता माझ्या जवळ किती माणसं बसलीत?" त्याने फोन पुढे केला.

फोटोत ती खिडकीशी बसली होती. शिवण मांडीवर, उन्हात एक गाल. तिला कळूही न देता काढलेला, पण इतक्या मायेने की तिला स्वतःचा चेहरा ओळखू येईना. खाली लोकांनी काहीबाही लिहिलं होतं. एव्हाल्डने फक्त एक टिंब टाकलं होतं.

"आवडला नाही?"

"आवडला," ती म्हणाली. तिने ताटली ठेवली आणि त्याच्या गळ्यात पडली.

तिने शांतपणे विचार केला. ज्याचा फोटो असतो तो उलटतो, काढणाऱ्यावर. पण तुर्सुन आपाला माहीत नव्हतं, मेरिमला माहीत नव्हतं, कुत्र्याला तर नव्हतंच. आपल्याला माहीत आहे. आपण नजर ठेवू. मनात काही वाकडं उगवलं, तर ते कुठून आलं हे आपल्याला कळेल आणि आपण ते तिथल्या तिथे खुडून टाकू.

सकाळी जाग आल्याबरोबर तिने कालिसकडे पाहिलं. तो तोंड उघडं टाकून झोपला होता. तिने स्वतःला चाचपून पाहिलं.

काही नव्हतं.

तिने दूध घालून चहा केला. कालिस येऊन बसला. नान मोडला, मुरंबा फासला, प्रवाशाच्या बकरीची गोष्ट सांगितली. ती हसली. खरोखर हसली.

काहीही नव्हतं. तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं?"

"काही नाही. पी चहा."

त्याने कप तोंडाला लावला. घोट खाली उतरला. पुन्हा एक उतरला.

काही झालं नाही, असं तिने मनाशी पुन्हा म्हटलं, आणि ते खरंच होतं. तो गिळताना मोठ्याने आवाज करतो आणि मुद्दाम करतो, एवढंच. इतकी वर्षं करत आला आहे. यात फोटोचा काय संबंध?

"अजून ओतू?"

"ओत की."

तिने ओतला. त्याने मान मागे टाकली आणि हनुवटीखालची कातडी ताणली गेली. तिथे आत घोड्याच्या नालाच्या आकाराचं एक छोटं हाड असतं, दुसऱ्या कुठल्याच हाडाला न जोडलेलं. ते नेमकं कुठे असतं आणि बोटांच्या किती थोड्या दाबाने मोडतं, हे तिला माहीत होतं.

"सावकाश पी," ती म्हणाली, आणि ते हाड वर-खाली होताना बघत राहिली.