आग उपाशी मेली तो उंबर

आम्ही सातपुड्यात गेलो ते सडका पाला आणायला! घरी हे सांगितलं तेव्हा आमच्या कुसुमलताबाईंचं लाटणं जागच्या जागी थांबलं. "दुकान सोडून पाला?" दुकान म्हणजे धरणगावातलं माझं खतांचं दुकान. चार पिढ्या व्यापारात मुरलेला मी दीपचंद, जंगलात कशाला गेलो? जीप माझी होती, म्हणून. आणि थोडं कुतूहल होतं, ते कबूल करायला हरकत नाही.

आमचे शेजारी अभिमनभाऊ कापसाचे शेतकरी. त्यांची पुतणी मयुरी धुळ्याच्या कॉलेजात मातीवर संशोधन करते. गेल्या पावसाळ्याआधी तिने वनखात्याची परवानगी काढून चोपड्यापलीकडच्या एका दरीत जाळीच्या पिशव्या ठेवल्या होत्या, आत सागाची पानं भरून. काही वरच्या कोरड्या उतारावर, काही तळाच्या नाल्यात उंबराखाली. जंगलाला कुणी खताची गोणी टाकत नाही, मग ते पोसतं कोण, हे तिला शोधायचं होतं. आता त्या परत आणायच्या होत्या; गेल्या तर सगळी मेहनत पाण्यात.

शिवाय काका-पुतणीत पैज होती. अभिमनभाऊ दरसाल वेचणी संपली की पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, रचून पेटवतात. "पाला सडीसन माती व्हस हाई माले दखाड," ते म्हणाले होते. "मंग यंदा काडी लावाव नही."

चैत्राचं ऊन कडक होतं. डोंगरमाथ्यावरच्या उघड्या मुरमाड रस्त्यावर जीप सोडून आम्ही उतारावर निघालो. सागाचा पाला गुडघाभर साचलेला, त्याखाली दगड लपलेले. पाय कुठे पडेल याचा भरवसा नाही. माझं पोट नेहमीप्रमाणे माझ्या पुढे चालत होतं. एका मोहाखाली अस्वलाने ताजी माती उकरलेली दिसली आणि माझा वेग आपोआप वाढला.

वरच्या पिशव्या सापडल्या. मयुरीने एक उघडली, तर पानं जवळजवळ होती तशीच! वाळवीने कडेकडेने कुरतडलेली, एवढंच.

"हाई तुनं सडणं?" भाऊ हसले. "यानापेक्षा मनी काडी बरी."

मयुरीने त्या पिशव्या एका झोळीत घातल्या आणि झोळी माझ्या गळ्यात अडकवली. आम्ही भाकरी खायला थोडी सपाट जागा शोधू लागलो. तेवढ्यात भाऊंनी ते केलं जे ते जन्मभर शेतात करत आले. विंचूकाटा नको म्हणून बसायच्या जागेवरचा पाला पायाने गोळा केला आणि सवयीने काडी ओढली.

"काका, नको," मयुरी म्हणाली. उशीर झाला होता.

पाला भडकला. भाऊंनी पाय आपटले, टॉवेल झोडला. व्यर्थ! ज्वाळा वर पळाल्या, जीपच्या वाटेवर. मग वारा फिरला. पेटती पानं खालीही घरंगळू लागली. मी वर धावलो. संकटात माणूस आपल्या गाडीकडे धावतो! मयुरीने माझी कॉलर धरली.

"वर नाही, काका. आग वर चढताना दुप्पट पळते. उंबराकडे चला."

"तिथे काय आहे?"

"आगीला खायला काही नसेल. माझा हिशोब बरोबर असेल तर."

बरोबर असेल तर! तिच्या 'तर'वर आम्हा तिघांचे जीव टांगले होते. तरी पळालो. धूर डोळ्यांत गेला. भाऊ ठेचकाळले, उठले. पुढे अचानक कडा! खाली नाला, मध्ये पुरुषभर खोल तुटलेली दरड. मयुरी वेलीला धरून उतरली. भाऊंनी उडी टाकली. मी झोळी पोटाशी कवटाळली, डोळे मिटले आणि बसूनच घसरलो. पँट फाटली. पिशव्या शाबूत!

उंबराखाली पोचलो आणि मी खाली पाहिलं. पाला नव्हताच. काळी, ओलसर, भुसभुशीत जमीन, तिच्यावर गांडुळांच्या विष्ठेचे बारीक ढीग. मयुरीने कडेची पिशवी ओढून काढली. आत नुसत्या शिरांची जाळी उरली होती. ती हसली.

आग दरडीवरून गळत नाल्याच्या काठापर्यंत आली. तिथे दोन-चार पानं चाटली, धुमसली आणि काळ्या मातीच्या कडेला येऊन विझली. उपाशी मेली!

"पानात ऊनच साठवलेलं असतं, काका," मयुरी धापा टाकत भाऊंना म्हणाली. "आग ते एका घासात संपवते. इथे किडे, बुरशी, गांडुळं तेच वर्षभर पुरवून खातात आणि उरलेलं मातीला देतात. वर ओल नाही, म्हणून खाणारे कमी."

मी वर धुराकडे पाहिलं. त्या धुरात नत्र चाललं होतं, तेच जे मी गोण्यांतून विकतो. माझ्यासारख्या व्यापाऱ्याला ही नासाडी बघवेना.

आम्ही ओल्या फांद्या तोडल्या आणि काठाकाठाने उरलेल्या ठिणग्या झोडपत वर सरकलो. वरून धूर पाहून वनरक्षक आले होते. माथ्याच्या रस्त्याने ज्वाळा अडवल्या होत्या. त्यांनी विचारलं, आग कुणी लावली? मी घसा खाकरला, पण भाऊ पुढे झाले.

"मी लावी. जी शिक्षा शे ती द्या."

शिक्षा झाली, आणि ती त्यांनी कुरकुर न करता भोगली. मयुरीच्या सगळ्या पिशव्या मात्र धुळ्याला पोचल्या, वरच्याही आणि खालच्याही. त्या वर्षी भाऊंच्या बांधावर धूर निघाला नाही. पऱ्हाट्यांचा यंत्राने भुगा करून त्यांनी तो शेतातच पसरला.

श्रावणात एक दिवस भाऊ दुकानात आले. रुमालात बांधलेलं मातीचं ढेकूळ त्यांनी माझ्या गादीसमोर ठेवलं आणि हलकेच फोडलं. आतून एक लालसर गांडूळ वळवळत बाहेर आलं. मी पाय वर घेतले.

"भ्यावू नका, शेठ," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा नव्या सुनेचं कौतुक सांगणाऱ्या सासऱ्यासारखा फुलला होता. "हाऊ मना नवा सालदार शे, सालभरना गडी. रातदिन राबस. याले फक्त पाला लागस."