हसण्याचा शॉट

आधी पाणी घ्या. एवढ्या लांब रामनगरला कुणी उगाच येत नाही. नव्या मालिकेचं तुम्ही फोनवर विचारलंत, मी फोनवरच नाही म्हटलं, तरी आलात. आता आलाच आहात तर का नाही म्हणते ते सांगते. सव्वाबारा झालेत. दीडच्या आत माझं सांगून होईल, आणि दीड वाजल्यावर तुम्हालाच पुढे काही विचारावंसं वाटणार नाही.

दुपारी दीडची ती मालिका मी तीन वर्षं केली. थोरली सून तारा. लोक मला प्राजक्ता म्हणून ओळखतच नसत. दुपारच्या मालिकेत काय लागतं, तुम्हाला माहीत आहेच. डोळ्यांत पाणी, हातात ताट आणि दाराआड उभं राहून ऐकणं. इथून गेले तेव्हा माझ्या तोंडात 'हाय' आणि 'न्हाई' होतं. ते काढायलाच सहा महिने गेले. काढलं एकदाचं. आईशी बोलतानासुद्धा मग ते येईना.

आईची आठवण त्याच सुमारास जायला लागली होती. आधी चुलीवरचं दूध विसरली, मग माणसं विसरली. शेजारची रुक्मामावशी तिच्याजवळ असायची. मी फोन केला की आई मावशीला विचारायची, कोण बाई बोलतेय ही? पण दीड वाजता टीव्ही लागला की तिचा चेहरा उजळायचा. "आली बघ माझी पोरगी," म्हणायची, ताट घेऊन समोर बसायची आणि जेवायची. एरवी घास तोंडात घेत नसे. म्हणजे मी फोनवर तिची कुणी नव्हते, पण टीव्हीत तिची लेक होते. मी तेवढ्यावर समाधान मानलं होतं. बायका कसल्याही गोष्टीवर समाधान मानतात, आणि मी तर ते रोज करून दाखवायचे.

गेल्या मार्गशीर्षात आमचं युनिट गुंदला आलं. ताराचं माहेर दाखवायचं होतं. जंगल हवं, कौलारू घर हवं, शेणाने सारवलेली पडवी हवी. मला केवढा आनंद झाला होता. गुंदहून जोयड्यामार्गे इथे यायला दोन तास लागतात. काम उरकलं की आईला भेटायचं, तिच्याजवळ बसूनच आमचा एपिसोड बघायचा, असं ठरवून टाकलं होतं. ती एकदा टीव्हीकडे बघेल, एकदा माझ्याकडे, आणि दोन्ही एकच आहेत हे तिला कळेल. एवढीच इच्छा होती माझी.

घर बायजाक्काचं होतं. साठीच्या पुढची, वाळकी, डोळे मात्र लख्ख. मुलगे कामाला बाहेर, ही एकटी. भात झोडून झालेलं, अंगणात गवताची उडवी. रात्री गवे शेतात उतरायचे, आणि दिवसा धनेश पक्षी उडाले की पंखांचा आवाज थेट पडवीपर्यंत यायचा, कुणीतरी जड श्वास घेत डोक्यावरून गेल्यासारखा. फोनला रेंज नव्हती. शूट झालं की कॅमेऱ्यातलं कार्ड जीपने बेळगावला पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडद्यावर, अशी आमची पळापळ होती.

चौथ्या दिवशी निखिल, आमचा दिग्दर्शक, चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आला. तो स्वतः चहा आणून देतो तेव्हा काहीतरी वाईटच असतं. म्हणाला, तारा आज मरतेय. जाऊ खिरीत विष घालते. वरून आलंय, त्याच्या हातात काही नाही. तीन वर्षांचं माणूस त्याने अर्ध्या कपात संपवलं.

मला राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. उद्या दीड वाजता आई ताट घेऊन बसेल आणि मी मरताना दिसेन. परवा मी नसेनच. मग ती कुणासाठी जेवणार? हे मी निखिलला सांगितलं नाही. असल्या गोष्टी सेटवर सांगायच्या नसतात.

चार वाजता ऊन कलायला लागलं तेव्हा शॉट लागला. पडवीवर चटई टाकली. बायजाक्काने आपली पितळेची समई दिली, तुळशीचं पान दिलं. आमच्याकडचं प्लास्टिकचं होतं, ते तिला पटेना. मी पडले. उघडे डोळे, पायांत ताराची चांदीची जोडवी. माझं लग्न झालेलं नाही, ती जोडवी कपड्यांच्या पेटीतली. पडल्यापडल्या शेणाचा आणि जळत्या वातीचा वास नाकात जात होता. दारातून बायजाक्का बघत होती. मी श्वास धरला होता, आणि तिने हळूच पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला.

कट झालं. टाळ्या झाल्या. निखिल म्हणाला, आता हसून टाक.

ही रीत तुम्हाला ठाऊक असेल. पडद्यावर कुणी मेलं की कॅमेरा उचलायच्या आधी त्या नटाने उठायचं आणि कॅमेऱ्यात बघून हसायचं. तो तुकडा कुठे दाखवत नाहीत. पण तो घेतल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही. कॅमेऱ्याने मेलेलं बघितलं, तर शेवटी जिवंत बघायला हवं, एवढंच त्याच्यामागे आहे. मी स्वतः नव्या पोरींना दटावून हसायला लावलेलं आहे.

मी उठून बसले आणि म्हणाले, "मारताना विचारलंत का? मग आता हसू मागू नका."

निखिल हलक्या आवाजात म्हणाला, "प्राजक्ता, दोन सेकंद फक्त." जीपवाला हॉर्न वाजवत होता, उजेड जात होता. मी जोडवी काढून पेटीत टाकली आणि तोंड धुवायला विहिरीवर गेले. कार्ड गेलं. माझं हसणं राहिलं.

परत आले तर बायजाक्का चटईच्या जागी बसली होती. समई विझवली नव्हती तिने. खाली तांदळाचं पीठ पातळ पसरत होती. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, घरात माणूस गेलं की तिथे दिवा ठेवायचा, पीठ पसरून वर बुट्टी, म्हणजे टोपली, पालथी घालायची. दहाव्या दिवशी बुट्टी उचलली की पिठात दिसतं, गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते. कधी पाखराचं पाऊल उठतं, कधी मुंगीची वाट.

मी वैतागून म्हटलं, अक्का, मी जिवंत आहे, नाटक होतं ते.

"तू उठलीस, बाय," ती म्हणाली. "पन ती न्हाई उठली. ती तशीच पडून हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिटने सामान बांधलं आणि मी गाडी करून इकडे निघाले. दीडच्या आत पोचायचं, आईच्या शेजारी बसायचं, टीव्ही लागूच द्यायचा नाही. जगलबेटजवळ लाकडांचा ट्रक आडवा पडला होता. दीड तास गेला त्यात.

दारात चप्पल काढली तेव्हा आतून आईचं रडणं ऐकू आलं. टीव्हीवर मी पडलेली होते, उघड्या डोळ्यांनी, आणि आई टीव्हीच्या काचेवर हात फिरवत होती. ताट तसंच. मी धावत जाऊन तिचे हात धरले. "आई, मी आले. ही बघ मी." तिने माझ्याकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि रुक्मामावशीला म्हणाली, "ह्यांना पानी दे गं." आणि मला, "माझी लेक गेली, बाई... तुम्ही कुठनं आलासा?"

त्यानंतर तिने जेवण सोडलं. डॉक्टर आले, आजार पुढे सरकलाय म्हणाले. मी ताराची साडी नेसून बघितली, ताराच्या आवाजात बोलून बघितलं. आईने मान फिरवली. निखिलला फोन केला, एक हसण्याचा शॉट घे, कुठेही जोड, स्वप्नात दाखव. तो बिचारा म्हणाला की कथा पाच वर्षं पुढे गेलीय, ताराच्या फोटोला हारसुद्धा घालून झालाय.

आई पाण्यावर होती. त्या शॉटपासूनच्या नवव्या रात्री ती उठून बसेना. तेव्हा मी ठरवलं, माझ्या फोनवरच घेईन. त्याच जागी पडेन, उठेन, हसेन आणि आणून तिला दाखवेन. मी वेडी झाले नव्हते. माणूस बुडताना हाताला लागेल ते धरतं.

गुंदला पोचले तेव्हा भर दुपार होती. रात्रीची भीती सगळे सांगतात. रानातली दुपार कुणी सांगत नाही. पान हलत नव्हतं. धनेश नव्हते. कोंबड्या उडवीखाली एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बायजाक्का पडवीच्या पायरीवर वाट बघत असल्यासारखी बसली होती. मी येणार हे तिला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.

"आज दहावा दिस," एवढंच म्हणाली, आणि तिने बुट्टी उचलली.

पिठात पाऊल होतं. बाईचं, उजवं. टाच नीट, बोटं नीट. अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती गोल दाब होता... जोडव्याचा. एकच पाऊल. घराकडे पाठ आणि बोटं अंगणाच्या दिशेने.

"मानसाचाच जलम घेतला तिनं..." बायजाक्का पुटपुटली. "आनी गेली बग. भायर गेली."

मी म्हटलं, शेजारपाजारच्या कुणी पाय टाकला असेल. माझा आवाज मलाच ओळखू येईना. तिने माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायांत काही नव्हतं.

तरी मी फोन खांबाला टेकवून ठेवला, सुरू केला, आणि त्या पिठाशेजारी पडले. जमीन गार नव्हती. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी ती कोमट होती. मी उठले. फोनकडे बघितलं. हसायला गेले.

आलं नाही. तीन वर्षं हव्या त्या क्षणाला रडले, हसले, लाजले, आणि त्या दिवशी ओठ हलेनात. गाल दुखेपर्यंत प्रयत्न केला. मग रडायलाच लागले आणि फोन बंद केला.

"उशीर झाला, बाय," बायजाक्का म्हणाली. "घरी जा... आये एकटी हाय."

आई एकटी नव्हती, रुक्मामावशी होती. पण ते बोलायलाही मी थांबले नाही.

घरी आले तर दिवस कलला होता. हसले नाही, पण उठले तरी होते. तेवढं बघून तिला कळलं तर कळलं, असं म्हणून मी फोन आईच्या हातात दिला आणि व्हिडिओ सुरू केला. मला पडदा दिसत नव्हता, आईचा चेहरा दिसत होता. आधी ती नुसती बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड यायला लागला, पूर्वी दीड वाजता यायचा तसा. आणि फोनमधून हसणं ऐकू आलं. मोकळं, लांब, माझ्या आवाजातलं.

मी हसले नव्हते. बायजाक्काला विचारा, मी हसले नव्हते.

"उठली," आई म्हणाली. "माझी पोरगी उठली बग, रुक्मा. हसतीया." तिने फोन छातीशी धरला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "मग तू कोन गं, बाई?"

त्याला आता वर्ष होत आलं. मालिका कधीच बंद झाली, नंतर टीव्हीही बिघडला. तरी आई रोज दीड वाजता त्या आतल्या खोलीत बसते. दोन ताटं घ्यायला लावते. तिचं एक, समोर एक. मला आत येऊ देत नाही, पाहुण्यांनी बाहेर बसायचं असतं म्हणते. पण जेवते. पोटभर जेवते, अंग धरलंय तिने. म्हणून मी काही करत नाही. लोक सांगतात, अमक्याला बोलाव, तमकं बांध. बोलावलं आणि ती गेली, तर आईला पुन्हा कोण जेवू घालणार? माझ्या हातून ती घास घेत नाही.

तर तुमची मालिका चांगली असेल, पण मला इथून हलता यायचं नाही. आणि तुम्हाला हवी तशी हसरी सासू माझ्याकडून व्हायचीही नाही. त्या दिवसापासून मी हसलेले नाही. राग नाही आता कसलाच. हसू येत नाही, एवढंच. ते कुठे गेलं, ते मला माहीत आहे.

वाजला दीड. जरा गप्प बसा.

...हा आवाज आईचा, कढी ओरपल्याचा. तिला नाही आवडत हळू जेवायला. थांबा...

हं. ऐकलंत? माझ्या तोंडाकडे बघा, मिटलेलं आहे ना?

घाबरू नका, ती कुणाला काही करत नाही. जाताना फक्त उंबऱ्याशी जरा बघून पाय टाका. रुक्मामावशी रोज तिथलं पीठ झाडते आणि रोज ते पुन्हा पडतं. या घरात तांदूळ दळून आणलेले नाहीत वर्षभर.