माझ्या वाढदिवसाचं सूप

माझ्या खुर्चीत एक मुलगा झोपला होता. तोही माझ्या गणिताच्या पुस्तकावर गाल टेकून, तोंड अर्धं उघडं ठेवून. बाहेर मार्चचा गार पाऊस, आत अभ्यासिकेत चिडीचूप, आणि मी निथळती छत्री धरून उभी... ओरडायचीही सोय नाही.

मी त्याच्या खांद्याला पेन टोचलं. "ओ, उठा. ही माझी जागा आहे."

त्याने एक डोळा उघडला. "माहितीये. माझी शेजारची. पण तिथे झोप येत नाही."

असा दोग्यू माझ्या नशिबी आला. आम्ही दोघंही गेल्या वर्षी प्रवेश परीक्षेत आपटलेले, आणि दोघांनाही सोलमधलं तेच एक विद्यापीठ हवं होतं, जिथे देशभरातली हुशार पोरं रांग लावून असतात. जिन्यात बसून तो मला भाजलेलं रताळं सोलून द्यायचा, आणि मग नुसता बघत राहायचा.

"हे बघ, परीक्षा होईपर्यंत प्रेमबिम बंद," मी एकदा वैतागून म्हटलं.

"मी घड्याळ बघत होतो. तुझ्या डोक्यावरचं."

"ते बंद आहे."

"म्हणूनच... बघत बसता येतं."

मी त्याच्या हातातलं उरलेलं रताळं हिसकावून घेतलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझा वाढदिवस असतो. आमच्या कोरियात वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच, आणि परीक्षेच्या तोंडावर ते वर्ज्य, कारण शेवाळावरून माणूस घसरतो म्हणे. गेल्या वर्षी आईने सवयीने केलं, मी नापास झाले, आणि ती स्वतःलाच बोल लावत राहिली. यंदा घरात कुणी वाढदिवसाचं नावही काढलं नाही. या खुळाचा मला वीट आला होता, तरी वाईट वाटायचं ते वाटलंच.

संध्याकाळी दोग्यू जिन्यात डबा उघडून बसला होता. आत वाफाळतं शेवाळाचं सूप.

"वेड लागलंय का? मी खाणार नाही."

"तुला देतंय कोण?" त्याने चमचा भरला. "वाढदिवस तुझा, सूप माझं. घसरायचंच असेल तर मी घसरेन ना."

"उद्या तुझीही परीक्षा आहे, गाढवा."

"गरम आहे... बोलू नकोस."

त्याने डबा चाटूनपुसून रिकामा केला. मी डब्याचं झाकण लावलं, जरा जास्तच जोरात.

मला प्रवेश मिळाला. आई रडली, मग तिने सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. दोग्यूला मिळाला नाही. तो फोनही उचलेना, तेव्हा मी तणतणत अभ्यासिका गाठली. तो माझ्या जुन्या जागेवर होता, आणि चक्क जागा होता. मी त्याला बाहीला धरून जिन्यात आणलं.

"कशाला खाल्लंस ते सूप?"

"सुपाचं काय घेऊन बसलीस? मला गणित येत नाही."

"आणि फोन?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "तू आता तिथली... मी अजून इथलाच. आणि परीक्षा होईपर्यंत बंद, हा नियम तुझाच."

"नियम परीक्षा देणाऱ्याला असतो. मी सुटले." त्याचे हात बर्फासारखे गार होते. ते मी माझ्या कोटाच्या खिशात कोंबले. "मला तू आवडतोस, बावळटा. पहिल्या दिवसापासून."

"मग... मी काय करू?"

"तू गणित कर," मी म्हटलं. "प्रेमाचं मी बघते."