काच लावून बघा

उंब्रजच्या ग्रामपंचायतीच्या दारात उत्कर्षाचं वेल्डिंग मशीन चालू होईना, तेव्हा तिला अमृत भेटला. म्हणजे आधी त्याचा जनरेटर भेटला. अमृत त्याच्यामागे उभा होता.

"मॅडम, ह्या हॉलातल्या वायरीवर पंखा फिरतोय हेच नशीब," तो म्हणाला. "तुमचं मशीन लावलं तर अख्ख्या आळीची लाईट जाईल. आपला जनरेटर घ्या. मांडव घ्या. माईक घ्या. आन्…"

"आणि काय?"

"आन्… लागल्या तर खुर्च्या बी हायत."

अमृतचा मांडव-स्पीकरचा धंदा. गावातलं लग्न, बारसं, वाढदिवस, सगळं त्याच्याच आवाजात जाहीर व्हायचं. दुसऱ्यांचे मांडव उभारता उभारता स्वतःचा राहूनच गेला होता. माणूस दिसला की उत्कर्षा मनातल्या मनात जमाखर्च मांडून मोकळी व्हायची. जमेची बाजू: आवाज गोड, हाताला काम आहे. खर्चाची बाजू: कारण नसताना हसतो. शिल्लक… शिल्लक नंतर बघू म्हणून तिने विषय सोडला. असे विषय ती सहसा सोडत नसे.

उत्कर्षा जतकडच्या बिराप्पा धनगराची लेक. बाप दरसाल मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा. लेक एकटीच सांगलीला आयटीआयला उतरली आणि वेल्डिंग शिकून बसली. आता ती तिथल्याच विश्रामबागेतल्या एका संस्थेतर्फे गावोगावच्या बायकांना वेल्डिंग दाखवत हिंडत होती. आजवर ती दुसऱ्यांच्या हाताखाली शिकवायची. उंब्रजचा वर्ग मात्र तिचा स्वतःचा होणार होता. अट एकच: पंधरा बायका मिळाल्या तर मशीन इथे राहणार, नाही तर उद्या सकाळी टेम्पोत चढून पुढच्या गावाला.

मांडवात बायका जमल्या. पुढे सुलाबाई, अमृतची आई आणि बचत गटाची अध्यक्ष. तिने मान हलवली की बाकीच्या माना आपोआप हलायच्या.

"काळी काच डोळ्यांपुढे धरल्याशिवाय कुणीही इकडे बघायचं नाही," उत्कर्षाने बजावलं. लगेच अमृतने माईक उचलला. "काच नसलेल्यांनी तिकडं बघू नये! पुन्ना सांगतोय, बघू नये!"

ठिणग्या उडाल्या. दोन पट्ट्या जुळल्या. बायकांनी एकदमच श्वास सोडला. मग सुलाबाईने पदर खोचून रॉड हातात घेतला आणि तो लोखंडाला चिकटला तो सुटेचना.

"आगं बया, सोडंना ह्यो मला!"

"मावशी, टेकवू नका. रांगोळी कशी वरून सोडता? तशी रेघ सोडा."

दुसऱ्या खेपेला रेघ उमटली. वाकडी, पण उमटली. सुलाबाईने ती पट्टी सगळ्यांना फिरवून दाखवली. आपल्या अंगणाचं फाटक आपणच करायचं, हे तिथेच ठरलं.

चहाच्या वेळी अमृतने कप पुढे केला. "तुमाला भीती न्हाई वाटत? ठिणग्यांची?"

"ठिणग्यांची नाही. बघणाऱ्यांची वाटते. काम बघायचं सोडून करणारीलाच बघत बसतात."

"व्हय… लोक लय वाईट," अमृत कपाकडे बघत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावणातली भुरभुर मांडवाच्या कापडावर वाजत होती. उत्कर्षा नावं घ्यायला आली, तर खुर्च्या रिकाम्या. बायका कडेला घोळका करून उभ्या.

"मशीन उचला मॅडम," सुलाबाई म्हणाली. "माझ्या पोराचं डोळं गेलं."

शेजारची मनुबाई अमृतला दंडाला धरून घेऊन आली आणि तिने त्याला खुर्चीत बसवलं. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या, त्यावर फेट्यासारखा बांधलेला टॉवेल, आणि खालून गालांवर पाण्याच्या धारा.

"धडधाकट गड्याचं एका दिवसात ह्ये झालं," मनुबाई म्हणाली. "आमच्या डोळ्यांचं काय हुईल?"

उत्कर्षाने टॉवेल वर केला. डोळे टोमॅटोसारखे लाल. तिने ओळखलं, वेल्डिंगचा उजेड उघड्या डोळ्यांना लागलाय. हे दोन दिवसांत बरं होतं. पण तिचा वर्ग दोन दिवस थांबणार नव्हता. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

"डॉक्टरांकडून थेंब आणा, डोळे शाबूत आहेत," ती सुलाबाईला म्हणाली. मग खाली वाकून हळूच अमृतला, "काल काच नव्हती का तुमच्याकडे?"

"हुती."

"मग काच काढून जाळाकडे कशाला बघितलंत? स्वतःच तर माईकवर ओरडत होता!"

"जाळाकडं… जाळाकडं न्हाई बघितलं."

उत्कर्षाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काल एवढ्या ठिणग्यांनी तापल्या नव्हत्या.

"हे मला सांगून काय उपयोग?" ती कशीबशी म्हणाली. "यांना सांगा."

"आईसमोर?"

"सगळ्यांसमोर. नाही तर माझा वर्ग गेला."

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला. मग अमृतने चाचपडत माईक धरला.

"हॅलो… हॅलो… माईक टेस्टिंग…" सवय! "उंब्रजच्या तमाम माता-भगिनींनो, वेल्डिंगची काय बी चूक न्हाई. चूक माझी हाय. काचेतनं निस्ती ठिणगी दिसती… मॅडम दिसत न्हाईत. म्हणून मी काच बाजूला केली." थोडा थांबून, "एकदा न्हाई. दर टायमाला."

स्पीकर त्याचाच, त्यामुळे आवाज हायवेपर्यंत गेला. वडापावच्या गाड्यावरची गिऱ्हाइकं घास हातात धरून थांबली. मग मनुबाई खुदकन हसली आणि सगळा मांडव हसत सुटला.

"आगं बाई! म्हंजी पोराला वेल्डिंग न्हाई, मॅडम बाधल्या!"

सुलाबाईने कपाळावर हात मारला. "मेल्या, माझा जीव टांगणीला लावलास! आंधळा झालायस, पर ते वायलंच." आणि उत्कर्षाकडे वळून म्हणाली, "लिवा माझं नाव पयलं. घरात एकाला तरी काच धरायची अक्कल पायजे."

सुलाबाईची मान हलली. बाकीच्या माना हलल्या. पंधरा भरल्या, वर दोघी उरल्या. टेम्पो रिकामाच गेला.

बायका मशीनभोवती गोळा झाल्या, तेव्हा उत्कर्षा अमृतच्या डोळ्यांवर नव्या चकत्या ठेवत होती.

"रागावला न्हाई ना?"

"रागावले. शिकवणारीचं ऐकलं नाहीत."

"मग… शिक्षा?"

तिने त्याच्या हातात काळी काच ठेवली. "मी काम करत असताना ही धरायची."

"ह्यातनं तुमी दिसत न्हाई हो… आन् काम झाल्यावर?"

"काम झाल्यावर मी समोरच असते की." ती टॉवेलाची गाठ जरा जास्तच घट्ट करत म्हणाली, "तेव्हा काच कशाला?"

"मॅडम! पुन्ना चिकटला!" तिकडून सुलाबाई ओरडली.

उत्कर्षा धावली. रॉड सोडवला, ठिणग्या उडाल्या, आणि तिने हळूच मागे वळून बघितलं. डोळ्यांवर बटाटे, बटाट्यांवर टॉवेल, आणि टॉवेलापुढे अमृतने इमानेइतबारे काळी काच धरली होती.