मशीनवर कोण बसलंय

"बसा गा, लाइट येतपर्यंत सांगतो," गणपतराव पोरांना म्हणाले. "माह्याच ऑफिसातल्या रुपरावची गोष्ट हाय. खोटी वाटली त सकाळी त्यालेच विचारा."

साल अठ्ठ्याऐंशी, डिसेंबरातली अमावस्या. रुपराव ऑफिसातलं कॉम्प्युटरचं मशीन बंद करायला मागे थांबला होता. मशीन एकच, त्याला चार टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, जोडलेले. बंद करण्याआधी 'हू' टाइप करून मशीनलाच विचारायचं, कोण कोण बसलंय. कुणी असेल तर त्याला उठवायचं, नाहीतर त्याचं काम बुडालं. एसीच्या खोलीत धूळ नको म्हणून चपला दाराबाहेर काढत. बाहेर एकट्या रुपरावच्याच चपला होत्या, एकीचा अंगठा त्याच दिवशी तुटलेला.

तरी रिवाज म्हणून त्यानं विचारलं. नावं दोन आली. रुपराव, टर्मिनल एक. प्रेमलता, टर्मिनल चार.

वर्षापूर्वी याच ऑफिसात कामाला असलेली प्रेमलता आपलं टर्मिनल तसंच चालू सोडून चहाला गेली होती. आळसानं हा तिच्याच जागी बसला आणि हातून महिन्याचं काम पुसलं गेलं. मशीननं नाव सांगितलं तिचं. हा मूग गिळून बसला. तिची नोकरी गेली. पुढे कन्हानला आईकडे ती काविळीनं वारली. मशीनमधून तिचं नाव कधीच काढलं होतं.

चौथ्या टर्मिनलचा पडदा काळा. खुर्ची रिकामी.

त्यानं पुन्हा विचारलं.

आता एकच नाव. प्रेमलता. टर्मिनल एक...

त्याच टर्मिनलवर तो स्वतः बसला होता.

भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली. मान वर होईना.

"ते मीच पुसलं होतं वं, प्रेमलता. तुह्या नावावर. अन् मी... गप बसलो."

एसीची घरघर. पडद्यावर नाव तसंच.

"सायबाले सांगतो. सगळ्यायच्या देखत सांगतो."

पडद्यावरून नाव गेलं.

रुपराव अनवाणीच घरी पळाला. सकाळी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी तिच्या आईला पत्र लिहायला घेतलं, तेव्हा तो चपला घ्यायला खाली मान घालून दाराशी आला.

प्रेमलताची एक खोड होती. कुणाचीही चप्पल तुटलेली दिसली की ती पर्समधल्या लाल दोऱ्यानं शिवून ठेवायची.

रुपरावच्या चपला तिथंच होत्या. तुटका अंगठा शिवलेला होता. लाल दोऱ्यानं.