चाखून ओतलेलं पाणी

लॉन्ड्रीवाल्याची व्हॅन त्याच्या लग्नाहूनही जुनी होती, आणि बायको तिला उघडउघड सवत म्हणायची. "माझं डोकं दुखलं तर बाम सापडत नाही ह्यांना," ती म्हणायची, "पण तिचा काटा वर गेला की बघा कशी धावपळ!" त्यात खोटं काही नव्हतं. चढ लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकायचा आणि ह्या गृहस्थाचा जीव टांगणीला लागायचा.

त्या दुपारी हॉटेलांच्या धुतलेल्या चादरी घेऊन दोघं डोंगर चढत होती. धुकं इतकं दाट की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. मधल्या वळणावर भसकन वाफ आली. इंजिन निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं, तर पाणी तळाला गेलेलं. कूलंटचा कॅन घाईत घरीच राहिला होता. कडेला एक शेवाळलेलं टाकं होतं. त्यातलं पाणी काळं होतं आणि वारा असूनही हलत नव्हतं.

त्याचा एक नेम होता. खाऱ्या पाण्याने रेडिएटर आतून गंजतो, म्हणून अनोळखी पाणी आधी चाखायचं, मगच ओतायचं. पण सकाळच्या चहाने त्याची जीभ पोळली होती.

"तू बघ गं जरा."

"सवतीसाठी आता हेही करायचं?" ती हसली आणि तिने ओंजळीतलं घोटभर तोंडात घेतलं. लगेच तिचा चेहरा उतरला. "खारं नाही... पण मी थुंकणार होते हो. ते आपोआपच खाली गेलं."

त्याने बादलीभर ओतलं. गाडी निमूट डोंगर चढली.

त्या दिवसापासून काटा हलेना. तो खूष होता. बायको मात्र दिवसभर पाणी पीत सुटली, आणि चढ लागला की तिचं अंग तव्यासारखं तापायचं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघेना. एकदा तो तिला घरी ठेवून गेला. तो डोंगरावर असताना ती इकडे अंथरुणात भाजत होती. हे त्याला शेजारणीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिला पुढच्या सीटवर बसवून तो मेकॅनिककडे गेला.

मेकॅनिकने इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. मग रेडिएटरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"बर्फ आहे हा..." झाकण काढून त्याने आत टॉर्च मारला. "अहो, पाण्याचा थेंब नाही ह्यात. गाडी चालली कशी?"

इंजिन बंद करून तो नळाच्या पाण्याची बादली ओतू लागला. पाणी आत जात होतं, जात होतं, भरत नव्हतं. सीटवर डोळे मिटून तापाने फणफणत बसलेल्या बायकोचा गळा हलत होता. घोट... घोट...

"अजून," ती म्हणाली.

मेकॅनिकने बादली खाली ठेवली. लॉन्ड्रीवाला रडकुंडीला आला होता. त्याला एकच सुचलं. "काढून टाक सगळं. त्या टाक्यातलं काही आत राहता कामा नये."

मेकॅनिक गाडीखाली सरपटला आणि त्याने रेडिएटरच्या तळाचा नट सोडला. काहीच आलं नाही. मग टप्... टप्... गळायला लागलं. बायकोच्या कपाळावर हात ठेवून लॉन्ड्रीवाल्याने सुस्कारा सोडला. ताप उतरत होता.

"बास आता, बंद कर," तो म्हणाला.

"केला." खालून आवाज आला. "नट आवळलाय कधीचाच."

टप्... टप्...

"मग हे?"

"तेच शोधतोय. पाइप कोरडे आहेत, रेडिएटर कोरडा आहे... कुठून गळतंय तेच दिसत नाही."

लॉन्ड्रीवाल्याने वाकून थेंबाखाली तळवा धरला. इंजिन गार पडलेलं होतं, आणि थेंब कोमट होता.

"अहो," बायको वरून हळूच म्हणाली, "मला थंडी वाजतेय."